गजकर्णाचे अर्थशास्त्र

गजकर्ण, नायटा, पावसाळ्यातील चिखल्या, नखांना लागलेली बुरशी या रोगांनी सहसा माणूस मरत नाही. म्हणून सार्वजनिक चर्चेत त्यांना स्थान नाही. रोगीही संकोचापोटी डॉक्टरांऐवजी औषधाच्या दुकानाची पायरी चढतो. प्रश्नाची गुंतागुंत तेथूनच सुरू होते.

दुकानात मिळणाऱ्या अनेक मलमांत बुरशीनाशकाबरोबर तीव्र स्टिरॉइड मिसळलेले असते. स्टिरॉइडमुळे खाज व लाली झटपट ओसरते. परंतु त्वचेची प्रतिकारशक्ती दबून बुरशीला मोकळे रान मिळते. मलम थांबवताच रोग उलटतो आणि ग्राहक पुन्हा त्याच मलमाकडे धावतो. निव्वळ बुरशीनाशकाला गुण येण्यास काही आठवडे लागतात. खोटे नाणे खऱ्याला चलनातून हुसकावते, हा ग्रेशमचा नियम येथे मलमांनाही लागू पडावा, हे दुर्दैव होय.

नुकसान केवळ रोग्याचे असते, तर 'ज्याचे त्याने पाहावे' असे म्हणता आले असते. परंतु हा रोग टॉवेल, कपडे, अंथरूण यांतून घरभर पसरतो. शिवाय टर्बिनाफिन या प्रमुख औषधाला दाद न देणारी बुरशी आज भारतात बळावली आहे. अर्धवट उपचार आणि स्टिरॉइडचा गैरवापर यांनी तिला हातभार लावला, असे अनेक त्वचारोगतज्ज्ञांचे मत आहे. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी तिचे 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे नामकरण केले. नावातच भारत आहे. हा लौकिक भूषणावह खचित नव्हे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही ती आढळली. एकाच्या स्वस्त आरामाची किंमत दुसऱ्याने मोजावी, यालाच अर्थशास्त्रात बाह्य खर्च म्हणतात.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी स्टिरॉइड मलमे 'एच' अनुसूचीत आणून चिठ्ठीविना विक्रीला प्रतिबंध केला. पाऊल योग्यच होते. पण कायदा पुरवठ्याला आवर घालतो, मागणीला नव्हे. डॉक्टरांकडे जाण्यासाठी ज्याला दिवसाची मजुरी बुडवावी लागते, तो दुकानदाराचाच सल्ला घेणार. त्याला दोष देणे सोपे आहे, न्याय्य नाही.

म्हणून क्लोट्रिमॅझोलसारखे साधे बुरशीनाशक प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बारमाही मिळाले पाहिजे, आणि घरातील सर्व बाधितांवर एकाच वेळी उपचार झाले पाहिजेत. खाज थांबली म्हणजे रोग गेला असे नव्हे, हा धडा शिक्षकांनी वर्गात द्यावा. त्याला खर्च नाही. तो न दिल्याचा खर्च मात्र आपण सारेच सोसत आहोत.