पाऊस काय म्हणतो?

कर्जतच्या बाजारात कोणी विचारले, ‘काय म्हणतो पाऊस?’ तर समोरचा मिलिमीटर सांगत नाही. लावणी कुठवर आली, रोपे पुरली की नाही, हे सांगतो. त्या प्रश्नातला पाऊस आभाळातला नव्हे, शेतातला.

मुळात पाऊस म्हणजे ऋतूच. संस्कृतातला ‘प्रावृष्’ म्हणजे पावसाळा. प्राकृतात त्याचा ‘पाउस’ झाला, मराठीत ‘पाऊस’. ऋतूचे हे नाव त्या ऋतूत पडणाऱ्या पाण्याला चिकटले आणि ऋतूसाठी ‘पावसाळा’ हा शब्द आला. पण ‘यंदाचा पाऊस बरा’ म्हणताना आजही एखादी सर नव्हे, सबंध हंगाम आपल्या मनात असतो. ‘चार पावसाळे जास्त पाहिलेत’ म्हणणारी आजी तर वर्षेच मोजते. गुरुजी, वर्गात हेही सांगा, की संस्कृतातल्या ‘वर्ष’ या शब्दाचा एक अर्थ पाऊस असाच आहे.

खरी गंमत क्रियापदांत. पाऊस ‘आला’ की माणूस आडोशाला पळतो. ‘लागला’ की इरलं घेऊन कामाला निघतो, कारण थांबण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. दार उघडले तर पाहुणा आत येतो, पाऊस ‘उघडला’ तर मात्र जातो! उघडते ते खरे म्हणजे आभाळ. आणि पावसाने ‘ओढ दिली’ हे शब्द आपल्यापेक्षा घाटावरच्या, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतकरांच्या तोंडी अधिक.

आता रेडिओवरचा पाऊस. ‘रायगड जिल्ह्यात तुरळक ठिकाणी अतिमुसळधार’ हे ऐकून पुष्कळांच्या कानात ‘तुरळक’ तेवढे राहते, आणि थोडासा पाऊस येईल असे वाटते. तसे नाही हो. तुरळक आहेत ती ठिकाणे, म्हणजे एकूण केंद्रांपैकी फार तर चौथा हिस्सा. पाऊस तिथे अतिमुसळधारच पडायचा, चोवीस तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर. मुंबईत २६ जुलै २००५ ला सुरू झालेल्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, कुलाब्याला पाऊणशेही नाही. ते तुरळक ठिकाण आपलेच गाव नसेल कशावरून? खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. डोंगरउतारावरच्या वाड्यांना या दोन शब्दांतला फरक समजावून सांगायलाच हवा, आणि ते काम शिक्षकांइतके चांगले कोण करील?

आणखी एक. ‘काल इतका पाऊस’ म्हणजे आज सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांतला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे १०० लिटर पाणी. २०० मिलिमीटर झाला, तर त्याच गुंठ्यावर वीस हजार लिटर.