पांगुळगाडा
पांगुळगाडा हे चालायला शिकणाऱ्या बालकांचे तीन चाकांचे पारंपरिक लाकडी खेळणे आहे. आडवी दांडी धरून बालक गाडा ढकलत पाऊल टाकते. शरीराचा भार स्वतःच्या पायांवर पेलावा लागत असल्याने तोल सावरण्याचा सराव खेळता खेळता होतो.

बैठक असलेला चाकांचा वॉकर याहून भिन्न आहे. त्यात बालकाचा बराचसा भार बैठक पेलते. शिवाय वॉकर वेगाने सरकून जिन्यावरून पडण्याचा धोका असतो. अशा अपघातांमुळे कॅनडाने २००४ मध्ये या वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. पांगुळगाडाही पुढे निसटू शकतो. म्हणून सपाट जागा व मोठ्यांची देखरेख आवश्यक असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १ ते २ वर्षे वयाच्या बालकांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे शारीरिक हालचाल व्हावी. असा खेळ त्या हालचालीचाच भाग होय.