काळा, चकचकीत आणि भटका

अगं, ती चप्पल खाली ठेव आधी! भिंतीवर पंजाएवढा पसरलाय तो हंट्समन कोळी. दिसायला राक्षस, स्वभावानं गरीब. चावलाच तर थोडं दुखेल, सुजेल. एरवी रात्रभर झुरळं खाईल आणि भाडंही मागणार नाही. बाबा आला की बरणीत घेऊन बाहेर सोडेल.

आमच्या लहानपणी अंगावर फोड उठले की म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, कोळी मुतला. बिचाऱ्या कोळ्याला पत्ताही नसायचा. कधी ती नागीण असायची, कधी दिव्यावर आलेला एखादा किडा झोपेत अंगाखाली चिरडलेला असायचा. पण तुमच्या या सिडनीत मात्र एका कोळ्याला खरंच भ्यावं लागतं. सिडनी फनेल-वेब त्याचं नाव. सिडनीच्या भोवती दीडशे-एक किलोमीटर, एवढाच त्याचा मुलूख.

त्याची मादी सगळा जन्म बिळात काढते. दगडाखाली, कुजक्या ओंडक्याखाली, बागेतल्या ओलसर गारव्यात बीळ. आत रेशमाचं अस्तर आणि तोंडाशी बाहेर पसरलेले धागे. धाग्याला किड्याचा पाय लागला की ही झडप घालते. नर मोठा झाला की बीळ सोडतो आणि बायको शोधायला निघतो. उन्हाळ्यापासून शरदापर्यंत, म्हणजे तुमचा नोव्हेंबर ते एप्रिल, रात्रीचा भटकतो, पावसानंतर जास्तच. उजाडलं की लपायला ओली, अंधारी जागा हवी. मग दाराखालच्या फटीतून आत येतो आणि बुटात शिरतो, नाहीतर जमिनीवर टाकलेल्या टॉवेलात. कोणाचा टॉवेल ते मी बोलत नाही.

गंमत अशी, की या नराचं विष मादीपेक्षा कितीतरी जहाल. त्याला बिळाचा आडोसा नाही, वाटेत खाणारे फार. म्हणून शत्रूला झोंबेल असं विष त्याच्याकडे आलं. आपल्या नसांमधून निरोप जातो तो सोडियमच्या बारीक दारांतून. दार उघडतं, लगेच मिटतं. हे विष त्या दारात पाचर मारून बसतं. दार मिटतच नाही, निरोप थांबतच नाहीत. ओठांना मुंग्या येतात, घाम फुटतो, लाळ गळते, स्नायू फडफडू लागतात. कुत्र्या-मांजरांना मात्र त्याचं फारसं काही होत नाही! माकडं आणि माणसं तेवढी सापडतात. आता बघ, ऑस्ट्रेलियात माकडं कधी नव्हतीच. माणूस आला तोही अगदी अलीकडे, कोळ्यांच्या हिशेबानं. म्हणजे हे विष आपल्यासाठी बनलेलंच नाही. आपण उगाच त्याच्या वाटेत आलो. मला तर हे सगळ्यात अद्भुत वाटतं.

ओळखायचा कसा? काळा, पाठीचा पुढचा भाग गुळगुळीत चकचकीत, अंगानं दणकट, मागे बोटांसारखे दोन रेशीमकाढे. डिवचलं तर पळण्याऐवजी पुढचे पाय उचलून उभा राहतो आणि सुळे दाखवतो. त्याच्यासारखे दिसणारे दुसरेही आहेत, पण तू त्या भानगडीत पडू नकोस. मोठा, काळा, चकाकणारा दिसला की तोच समजायचं. पोहण्याच्या तलावात तळाशी निपचित दिसला तरी मेला म्हणायचं नाही. अंगावरच्या केसांत हवेचा बुडबुडा धरून तो दिवसभरसुद्धा तग धरतो.

म्हणून बूट घालण्याआधी झटकायचे, कपडे जमिनीवर टाकायचे नाहीत, चादर लोंबू द्यायची नाही, बागेत दगड उचलताना हातमोजे घालायचे. दाराखालची फट मी बाबाकडून बुजवून घेणार आहे.

आणि चावलाच तर? धावायचं नाही. हात किंवा पाय लांब पट्टीनं सगळा घट्ट गुंडाळायचा, काठी बांधून हलू द्यायचा नाही, आणि ट्रिपल झिरोला फोन. लाल पट्टेवाली रेडबॅक कोळीण चावली तर मात्र पट्टी नको, बर्फ लावायचा. पट्टीनं तिचं दुखणं वाढतं. फनेल-वेबच्या विषानं 13 माणसं गेल्याची नोंद आहे. मग स्ट्रुअन सदरलँड नावाच्या डॉक्टरांनी मेलबर्नमध्ये वर्षानुवर्षं खपून प्रतिविष तयार केलं. सशांना थोडं थोडं विष टोचून, त्यांच्या रक्तातून. 1981 पासून ते मिळतंय, आणि तेव्हापासून एकही माणूस दगावलेला नाही.

या प्रतिविषासाठी विष कुठून येतं ठाऊक आहे? गॉसफर्डजवळच्या रेप्टाइल पार्कमध्ये लोक घरात सापडलेले नर आणून देतात. तिथली माणसं त्यांच्या सुळ्यांवरचे थेंब बारीक नळीनं ओढून घेतात. आपल्याकडे निघाला तर आपणही देऊ. काचेवर त्याला चढता येत नाही, म्हणून मोठी बरणी आणि लांब फूटपट्टी पुरते. पण ते काम बाबाचं. तू फक्त लांब उभं राहून मोठ्यानं हाक मारायचीस.