आईचे दूध, आजीच्या हाती

भोर-वेल्ह्यातील अनेक सुना आता बाळ दोन-तीन महिन्यांचे होताच पुन्हा शेतावर, रोजंदारीवर किंवा सातारा रस्त्यालगतच्या कारखान्यांत जातात. 26 आठवड्यांची प्रसूती रजा कायद्यात 2017 पासून आहे. रोजंदारीवरील मातेला ती कोठून मिळणार? मग तिने काढून ठेवलेले दूध पाजण्याची जबाबदारी घरातील वडीलधाऱ्यांवर येते.

आजींचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो : दूध उकळावे का? उकळू नये. म्हशीचे दूध उकळण्याची आपली सवय योग्यच. मात्र आईचे दूध उकळल्यास त्यातील रोगप्रतिकारक घटक नष्ट होतात. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. अशा पेढीतील दूध परक्या मातेचे असल्याने 62.5 अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात. स्वतःच्या आईच्या दुधाला त्याची गरज नाही. ते कोमट पाण्यात वाटी धरून ऊबदार केले, की पुरे. वर साय, खाली निळसर पाणी दिसले म्हणून दूध नासले असे समजू नये. हलके ढवळले की ते एकजीव होते.

घरात बाहेर ठेवलेले दूध 4 तासांत संपवावे, उन्हाळ्यात त्याआधीच. फ्रीजमध्ये ते 4 दिवस टिकते असे सांगतात. परंतु आपल्याकडे पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते, म्हणून मी 24 तासांचीच मर्यादा सांगतो. वीज 4 तासांहून अधिक गेली, तर ते दूध टाकून द्यावे. जिवावर येते, हे मान्य आहे. बाळाचे उष्टे दूधही पुन्हा ठेवू नये.

बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा. बाटलीच्या बोंडात दूध साचते आणि जुलाबाचे जंतू तेथेच वाढतात. घरातील जुने बोंडले आतून नीट घासता येत असेल, तर तेही चालेल. भांडी साबणाने धुऊन 10 मिनिटे पाण्यात उकळावीत. बाटलीच वापरायची झाल्यास बाळाला मांडीवर उभट धरावे, बाटली आडवी ठेवावी आणि मध्ये मध्ये थांबावे. उशीला टेकवून बाळाच्या तोंडात ती कधीही ठेवू नये. झोपलेल्या बाळाला चमच्यानेही पाजू नये, दूध श्वासनलिकेत जाऊ शकते. बाळाने तोंड फिरवले, की पोट भरले असे समजावे.

दिवसभरात 6 पेक्षा कमी वेळा लघवी झाली किंवा बाळ मलूल पडून दूध घेईना, तर संध्याकाळी सून परतण्याची वाट न पाहता जवळचा दवाखाना गाठावा.