‘पोर्तुगीज व्हिला’ विकत घेण्याआधी

गोव्यातल्या जमीन-रूपांतराचा वाद शमण्याची चिन्हे नाहीत. नगरनियोजन कायद्यात २०२४ मध्ये ३९अ हे कलम आले आणि मालकाच्या अर्जावरून भूखंडाचा विभाग बदलण्याची वाट खुली झाली. शेते, डोंगर, खाजने (खाडीकाठची बांध घातलेली शेती) यांच्याबद्दल सभा झाल्या, मोर्चे निघाले. गावातल्या जुन्या घरांबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. ती एकेक करून पडतात आणि त्यांच्या शेजारी ‘पोर्तुगीज शैलीतील व्हिला’ विकायला निघतात.

या व्हिलांना दर्शनी कमानी असतात, पिवळा रंग असतो, कौलांच्या खाली काँक्रीटचा स्लॅब असतो आणि बाराही महिने वातानुकूलन लागते.

खरे गोमंतकीय घर कसे असते हे पाहायचे तर पर्वरीजवळ तोर्ड्याला जावे. वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी तिथे ‘हाउसेस ऑफ गोवा’ हे संग्रहालय उभारले आहे. जांभ्या चिऱ्याची, जहाजासारखी दिसणारी ही त्रिकोणी इमारत रस्त्याच्या बेचक्यात उभी आहे. आत जुनी दारे, खिडक्या, खांब, लाद्या आणि घरांचे आराखडे आहेत. याच नावाचे हेता पंडित आणि अ‍ॅनाबेल मास्कारेन्यस यांचे पुस्तक १९९९ मध्ये द कुन्हांच्या संस्थेनेच प्रकाशित केले. संग्रहालयातून बाहेर पडताना एक गोष्ट पक्की पटते: ही घरे लिस्बनहून आणलेली नाहीत. हिंदू घर राजांगणाभोवती वसते. तुळस मध्ये, वावर आतल्या आत. ख्रिस्ती घर बल्कावातून, म्हणजे दर्शनी ओसरीतून, रस्त्याकडे तोंड करते. दोन्ही बाजूंना बसायला ‘सोपे’ म्हणजे बांधीव बाके, संध्याकाळी गावगप्पा. दोन्हींचे गवंडी, सुतार, चिरा आणि पाऊस मात्र एकच. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवत, त्यामुळे आत येणारे ऊन दुधाळ व्हायचे. आजच्या काळ्या काचांना हे जमलेले नाही.

द कुन्हा दिल्लीत शिकले आणि वास्तुविशारद लॉरी बेकर यांच्याकडे उमेदवारी केली. बेकरांचा हट्ट होता की जवळ मिळेल त्यात बांधावे आणि फुकट काही घालवू नये. तो हट्ट शिष्याने पुढे नेला. बंगळुरूजवळ हेसरघट्ट्याला नृत्यांगना प्रोतिमा बेदींचे ‘नृत्यग्राम’ दगड-मातीत उभे राहिले ते त्यांच्याच आराखड्यावर. दुसरीकडे मांडवीकाठचा रेईश मागूशचा किल्ला. १५५१ मध्ये बांधलेला, १७०७ मध्ये वाढवलेला हा किल्ला १९९३ पर्यंत तुरुंग होता, नंतर बेवारस पडला. हेलन हॅम्लिन ट्रस्ट, वारसा-जतन करणारी इंटॅक ही संस्था आणि गोवा सरकार यांनी एकत्र येऊन त्याची दुरुस्ती केली आणि २०१२ मध्ये तो लोकांना खुला झाला. वास्तुविशारद होते द कुन्हा. आज तिथे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या चित्रांचे दालन आहे.

किल्ला दुरुस्त करणारा आणि नवे घर बांधणारा माणूस एकच असण्याचा फायदा चिऱ्याजवळ कळतो. खाणीतून निघालेला चिरा मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो. तो सच्छिद्र आहे; पावसात पाणी पितो आणि चुन्याच्या गिलाव्यातून सावकाश बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षार वर येतात, पोपडे सुटतात आणि मालक गवंड्याला आणखी सिमेंट लावायला सांगतो. जुन्या भिंतीची ही प्रकृती ज्याने हाताने तपासली आहे, तो नव्या घराचा छप्परउतार, पडवीची रुंदी आणि भिंतीचा गिलावा जाहिरातीतल्या चित्रावरून ठरवत नाही.

जुन्या घरांचे भाग नव्या घरांत वापरण्याबद्दल एक शंका मात्र राहतेच. पाडलेल्या घराचे सागवानी दार नव्या घरात बसवणे पाहणाऱ्याला आवडते. लाकूड वाचले याचे समाधानही मिळते. पण दाराला बाजारात भाव आला की अख्खे घर पाडणे अधिकच परवडू लागते. संग्रहालयात ठेवलेले दार वाचले असे म्हणता येईल. दिवाणखान्यात शोभेला लावलेल्या दाराबद्दल तसे म्हणायला जीभ रेटत नाही. शिवाय चिरा-चुन्यातले नेटके काम आज बहुधा पैसेवाल्यांच्याच वाट्याला येते. बेकर गरिबांसाठी बांधत, हे विसरून चालणार नाही.

घर पडण्याचे कारण दर वेळी बिल्डरच असतो असेही नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या वारसा नियमांनी गोव्यात मुलगा-मुलगी सर्वांना समान हक्क मिळतो. ते न्याय्यच आहे. पण वाटेकरी मुंबई, लिस्बन आणि टोरंटोत विखुरले की शाकारणीचा खर्च कोणाचा, हे ठरत नाही. एका पावसात दोन कौले सरकतात, वासा कुजतो, आणि चार-पाच वर्षांत ‘धोकादायक इमारत’ असा शेरा बसतो.

म्हणून जतनाची सुरुवात वास्तुविशारदाच्या फीपासून नव्हे, कौले परतण्यापासून व्हायला हवी. विभाग बदलायला कायद्यात कलम घालता येत असेल, तर दर वर्षी शाकारणी करणाऱ्या आणि चुन्याचा गिलावा टिकवणाऱ्या घराला घरपट्टीत सूट देणारे कलमही घालता येईल. गोव्याच्या आमदारांनी ते येत्या अधिवेशनात मांडावे.