हरसूलचा पीसी मध्येच का बंद पडतो?

हरसूलला आमचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. आई बसते, आणि मी पुण्यातून रिमोट डेस्कटॉपने तिथला पीसी चालवतो. परवा फॉर्म भरता भरता कनेक्शन गेलं. समोर पोरं ताटकळलेली, शेवटची तारीख! मी अपडेटला शिव्या घातल्या. उगाच.

पीसी चालू झाल्यावर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम उघडा. १०७४ दिसला तर कुणीतरी किंवा एखाद्या प्रोग्रामने बंद करायला सांगितलंय. नावही तिथेच असतं. ४२ म्हणजे पीसी झोपला. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा. ४१ म्हणजे नीट शटडाउन झालंच नाही: मशीन हँग झालं, नाहीतर वीज गेली.

आमच्याकडे ४१. आईला विचारलं तर म्हणाली, "अरे, लाइट गेली होती ना!" पावसाळ्यात हरसूलला हे आलंच. मग यूपीएस घेतला, आणि बायोसमध्ये वीज परतल्यावर पीसी आपोआप सुरू होईल असं सेटिंग केलं. ते मात्र तिथे जाऊनच करावं लागतं, लांबून बायोस दिसत नाही.

आणि हो, शटडाउनची उलटी मोजणी सुरू झालीच, तर कमांड प्रॉम्प्टवर शटडाउन, स्पेस, स्लॅश, ए. मोजणी थांबते.