मेनू जर्मन, माप मिलिमीटर

वॉर्डरोब आणि किचन ट्रॉल्या करणाऱ्या छोट्या वर्कशॉपमध्येही आता लॅपटॉपवर डिझाइनचा एखादा प्रोग्रॅम असतोच. कुणीतरी नको ते बटण दाबतं, सगळे मेनू जर्मन नाहीतर पोलिश होऊन बसतात आणि लगेच सल्ला येतो: काढून टाक, परत इन्स्टॉल कर. भाषा ही इन्स्टॉल करतानाच एकदा ठरते, ही त्यामागची समजूत.

बहुतेक ठिकाणी तसं नसतं. ‘स्वीट होम थ्रीडी’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडताना संगणकाची भाषा उचलतो. नंतर प्रेफरन्सेसमध्ये जाऊन दुसरी निवडता येते. यादीत नसलेली भाषासुद्धा वेगळी फाइल आणून जोडता येते. फ्रीकॅडमध्ये एडिट, मग प्रेफरन्सेस, मग जनरल असा रस्ता आहे. ऑटोकॅडचं प्रकरण थोडं निराळं. तिथे भाषेचा पॅक स्वतंत्र टाकावा लागतो, आणि प्रोग्रॅम कोणत्या भाषेत उघडायचा हे डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये लिहिलेलं असतं. मेनू वाचताच येत नसेल, तर मॅकवर कमांड आणि स्वल्पविराम ही बटणं एकत्र दाबावीत. भाषा कोणतीही असो, सेटिंग्ज उघडतात. विंडोजवर इंग्रजी आवृत्तीचा फोटो समोर ठेवून मेनू मोजत जायचं, कारण शब्द बदलले तरी मेनूंचा क्रम सहसा तोच राहतो.

‘भाषा बदलली की जुन्या फाइली बिघडतात’ ही दुसरी भीती. फाइलमध्ये फळीची लांबी-रुंदी आकड्यांत साठवलेली असते, तिला मेनूच्या भाषेशी देणंघेणं नसतं. नावांचं मात्र थोडं बघावं लागतं. स्वीट होममध्ये भाषा बदलली की कॅटलॉगमधल्या कपाट-टेबलांची नावं बदलतात, पण नकाशात आधीच ठेवलेल्या वस्तू जुन्याच नावाने राहतात. त्यामुळे एकाच यादीत दोन भाषा दिसल्या तर घाबरायचं कारण नाही. फ्रीकॅडमध्ये प्रत्येक भागाला दोन नावं असतात: एक आतलं, कायमचं, आणि एक दिसणारं लेबल. जर्मन मेनू असताना ठोकळा काढला तर लेबल ‘व्युर्फेल’ येतं, आतलं नाव ‘बॉक्स’च राहतं. कुणी मॅक्रो लिहून घेतला असेल, तर तो आतल्या नावावर चालतो की लेबलवर, एवढं विचारून ठेवावं. लेबलवर चालणारा मॅक्रो भाषा बदलल्यावर भाग शोधत बसेल.

खरा घोळ होतो तो मापांत, आणि नेमकी तिथेच कुणाची नजर नसते. इंग्रजी मेनू म्हणजे इंच आणि युरोपीय मेनू म्हणजे मिलिमीटर, असं अनेकजण धरून चालतात. एकक ही वेगळी सेटिंग असते. स्वीट होममध्ये ती भाषेच्याच खिडकीत, पण वेगळ्या ओळीवर आहे. आपल्याकडे सुताराच्या तोंडी अजून सूत आहे, आठ सुतांचा इंच. प्लायवूडची शीट बोलताना ‘आठ बाय चार’ आणि कटिंग लिस्टमध्ये २४४० बाय १२२०. खरं तर आठ फूट म्हणजे २४३८.४ मिलिमीटर. अशी दोन मापं शेजारी नांदत असताना एकक तपासल्याशिवाय लिस्ट छापणं म्हणजे शीट वाया घालवणं.

एकक बरोबर असलं तरी दशांशचिन्ह उरतंच. समजा ६०० मिलिमीटर रुंद कपाट आहे. १८ मिलिमीटर प्लाय, बाहेरून १ मिलिमीटर सनमायका आणि आतून ०.८ मिलिमीटर लायनर, म्हणजे एक बाजू १९.८ ची. दोन बाजू वजा केल्या की आतली फळी ५६०.४. जर्मन पद्धतीत हाच आकडा ५६०,४ असा लिहितात आणि रकान्यांच्या मध्ये अर्धविराम टाकतात. तशी सीएसव्ही फाइल भारतीय सेटिंग असलेल्या एक्सेलमध्ये थेट उघडली, की एक्सेल स्वल्पविरामावर ओळ तोडतं: ५६० एका रकान्यात, ४ पुढच्यात, आणि पुढचं मापही त्या ४ ला चिकटलेलं. प्रत्येक फळी थोडी आखूड निघते आणि दोष प्लायवाल्याला जातो. फ्रीकॅडच्या नव्या आवृत्त्यांत आकडे संगणकाच्या पद्धतीने दाखवायचे की निवडलेल्या भाषेच्या, हे वेगळं ठरवता येतं. मेनूची भाषा कोणतीही घ्या, आकड्यांची पद्धत संगणकाचीच ठेवा.

पाठ झालेल्या कमांड तशाच चालतील, हे गृहीत धरू नये. जर्मन ऑटोकॅडमध्ये वर्तुळासाठी ‘सी’ नव्हे, ‘के’ दाबतात, कारण तिथे वर्तुळ म्हणजे ‘क्राइस’. इंग्रजी कमांडचं पूर्ण नाव अंडरस्कोर लावून टाइप केलं, तर ते कोणत्याही भाषेच्या ऑटोकॅडला कळतं. लिस्पच्या फाइली लिहिणारे जाणकार म्हणूनच तो अंडरस्कोर विसरत नाहीत.

सीएनसी मशीनला मेनूच्या भाषेचा पत्ताही नसतो. बहुतेक मशीनच्या जी-कोडमध्ये जी२० म्हणजे इंच आणि जी२१ म्हणजे मिलिमीटर, पुण्यातही आणि पोलंडमध्येही.

राहिली मराठी. मेनू मराठीत नाहीत म्हणून फळ्यांची नावंही इंग्रजीतच द्यावी लागतात, असं समजून लोक ‘डावी बाजू’ला ‘एलएस’ लिहितात आणि मग कारागिराला ते समजावत बसतात. युनिकोड मराठी आजच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये चालते. ऑटोकॅडमध्ये अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं आली, तर टेक्स्ट स्टाइलमध्ये जुना एसएचएक्स फॉन्ट असतो. तिथे मंगल किंवा निर्मला निवडावा. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मात्र तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अगम्य दिसतं. सीएनसीला पाठवायच्या फाइलचं नाव रोमन अक्षरांत ठेवलेलं बरं, कारण अनेक कंट्रोलरना देवनागरी कळत नाही. स्टिकरचंही एकदा तपासून घ्या: काही लेबल प्रिंटर स्वतःच्या अंगभूत फॉन्टमधून छापतात आणि त्यात देवनागरी नसते. अशा वेळी लेबल चित्र म्हणून पाठवलं की ‘मधली फळी’ नीट उमटते.